‘तो मेला’ आणि ‘मी मेले’ : फॅन्टसी आरपीजी लक्षात का राहते?

प्रश्न थोडक्यात असा : डोळे दिपवणारे ग्राफिक्स, शंभर तासांचा खेळ, आवाज दिलेली शेकडो पात्रं, एवढं सगळं असलेली नवी फॅन्टसी आरपीजी (म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम) दहा-बारा तासांत नकोशी होते. उलट वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा चौकोनी चेहऱ्यांचा एखादा गेम अजून डोक्यातून जात नाही. असं का? विचारणारे स्वतः दोन मित्रांबरोबर छोटी आरपीजी बनवताहेत, म्हणून पुढचा प्रश्न : जोर कुठे लावायचा?

मी सोळा वर्षं क्वेस्ट आणि लेव्हल डिझाइनचं, म्हणजे गेममधली कामं आणि जागा रचायचं काम करते. त्यातला बराच वेळ प्लेटेस्टमध्ये, खेळणाऱ्याच्या पाठीमागे वही घेऊन बसण्यात गेला. सुरुवातीला मीही सगळे लिहितात तेच लिहायचे : कुठे अडकला, किती वेळा मेला, कधी मोबाइल हातात घेतला. मग एकदा एक मुलगी आमच्या गेममध्ये कुऱ्हाडवाला धिप्पाड गडी घेऊन खेळत होती. पहिला अर्धा तास ती म्हणत होती, ‘हा परत मेला’, ‘ह्याला उडी का मारता येत नाही?’ दीड तासानं मी तिला पाणी हवंय का विचारलं, तर स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाली, ‘थांब ना, मी आत्ता कुठे वर चढलेय.’

चढला होता तो दाढीवाला गडी, पण क्रियापद तिचं होतं. आपल्या भाषेत ही चोरी लपत नाही. चेटकीण घेऊन खेळणारा मुलगा आधी ‘ती पडली’ म्हणतो आणि कुठल्यातरी क्षणी ‘मी पडलो’ म्हणतो. त्या दिवसापासून मी वहीच्या समासात ती वेळ टिपून ठेवते. कधी ती विसाव्या मिनिटाला येते, कधी तिसऱ्या दिवशी, आणि काही गेममध्ये येतच नाही. ती येण्याआधी नेमकं काय घडलं होतं, याच्या नोंदींतून माझं उत्तर तयार झालंय.

ग्राफिक्सचं एका दमात उरकते, कारण त्यात फारसं काही नाही. दर्जा कमी असला तरी चालतं, विसंगत असला की चालत नाही. सगळं जग साध्या पिक्सेलमध्ये असेल तर मेंदू पाच मिनिटांत जुळवून घेतो. झाडाचं पान न् पान खरं आणि त्याच झाडातून घोडा आरपार, हे मात्र शेवटपर्यंत खटकत राहतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही ज्या काळातले गेम आठवताय त्यातला मोरोविंड घ्या, 2002 सालचा. त्यात कुठे जायचं ते दाखवणारा नकाशावरचा बाण नाही, डोक्यावर तरंगणारी खूण नाही. सुरुवातीच्याच एका कामात ड्वेमर लोकांच्या जुन्या अवशेषांतून एक कोड्याची पेटी आणायची असते. काम देणारा माणूस तोंडी रस्ता सांगतो : बाल्मोरा गावातून बाहेर पड, मूनमॉथ किल्ल्याच्या बाजूनं जा, मग जुना पूल लागेल, तो ओलांड. डायरीत तेवढीच नोंद होते. तुम्ही निघता. पुलावर पोहोचता तेव्हा तो पूल ‘सापडलेला’ असतो. पलीकडे अवशेष दिसतात, पण दार उघडत नाही, कारण ते उघडायला जवळच्या पाइपवरचा दांडा फिरवावा लागतो आणि ते कुणी ठळक करून दाखवत नाही. आत गेल्यावर ती पेटी इतकी लहान की कित्येकांनी तिच्यासमोरून चार चकरा मारलेल्या असतात. मीही मारल्यात.

हे सगळं त्रासदायक आहे, मान्य. काही ठिकाणी तर सांगितलेला रस्ता चक्क चुकीचा आहे. पण त्या दोन तासांत तुमची नजर कुठे होती ते बघा : डोंगराच्या कडेवर, रस्त्यावरच्या पाट्यांवर, नदीच्या वळणावर. बाण असलेल्या गेममध्ये नजर स्क्रीनच्या एका कोपऱ्यातल्या गोल मिनीमॅपवर असते. मी हे खेळणाऱ्याच्या शेजारी बसून कित्येकदा पाहिलंय. चार-चार महिने खपून आर्टिस्टनं उभं केलेलं जंगल आणि माणूस त्यातून एका ठिपक्याकडे बघत चाललाय. त्याला नंतर विचारलं की जंगलात काय होतं, तर म्हणतो, ‘झाडं.’

मग सेटिंगमध्ये जाऊन बाण बंद करायचा, असं तुम्ही म्हणाल. खूप जण स्कायरिममध्ये (2011) तसं करतात आणि मग वैतागतात. कारण तिथले बरेच संवाद बाण आहे असं गृहीत धरून लिहिलेत. पात्र सांगतं की अमुक गुहेतून तमुक वस्तू आण. गुहा कुठे, हे कुणीच सांगत नाही, कारण ते सांगायचं काम बाणाकडे दिलेलं. बाण शेवटी वरून चिकटवलेला नसतो. तो असणार हे ठरलं की लेखक रस्ता लिहीत नाही, लेव्हल डिझाइनर खुणेचं झाड लावत नाही, पुलाला नाव पडत नाही. म्हणून हा निर्णय पहिल्या आठवड्यात घ्यायचा असतो, शेवटच्या महिन्यात सेटिंगच्या पानावर नाही.

आम्ही एकदा तो शेवटच्या महिन्यात घेतला होता. तेव्हा मी जिथे होते त्या कंपनीत वरून फर्मान आलं की हल्ली लोकांना ‘जुन्यासारखं’ हवंय, बाण काढा. आम्ही काढले आणि घाईघाईत संवादांत रस्ते घुसडले. एका वाक्यात होतं, ‘जळक्या झाडापाशी डावीकडे वळ.’ झाड होतं, जळकंही होतं. पण पहिल्याच टेस्टमध्ये सहापैकी पाच जण तिथे रात्री पोहोचले. रात्री सगळीच झाडं जळकी दिसतात! एक जण सव्वा तास दरीत फिरला आणि शेवटी हेडफोन काढून म्हणाला, ‘तुमचा गेम बंद पडलाय.’ बंद पडलेला नव्हता, बनवणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता.

दुरुस्ती करताना जे शिकले ते तुमच्या कामाचं आहे. झाड हलवून उंचवट्यावर नेलं, म्हणजे दिवसा त्याची आकृती आकाशावर उमटते. रात्रीसाठी तिथून दिसेल अशी दूर एक शेकोटी ठेवली. वळणाच्या अलीकडे एक ओढा वाहता केला. पाणी डाव्या कानात ऐकू आलं की वळायचं. वाक्यही बदललं : ‘ओढ्याचा आवाज आला की डावीकडे.’ पुढच्या टेस्टमध्ये एका मुलानं डोळे मिटून मान वळवली आणि ओढा कुठल्या बाजूला आहे ते ऐकलं. माझ्या वहीत त्याच मिनिटाला ‘मी’ची खूण आहे.

अंतराचीही हीच गोष्ट. मोरोविंडमध्ये वाटेल तिथून नकाशावर बोट ठेवून उडी मारता येत नाही. सिल्ट स्ट्रायडर नावाच्या अवाढव्य किड्याच्या पाठीवर बसून ठरावीक गावांहून ठरावीक गावांना जायचं, पुढे होडी, कुठे जादूगारांच्या संघाची सोय. प्रवास बदलत बदलत करावा लागतो, म्हणून जगाचा नकाशा डोक्यात तयार होतो. फास्ट ट्रॅव्हल सरसकट वाईट, असं माझं म्हणणं नाही. नोकरी, पोरंबाळं सांभाळून रात्री चाळीस मिनिटं खेळणाऱ्याला ते लागतंच. पण ते जगाच्या आतलं असावं, मेनूतलं नको.

आकाराच्या मोहात तर अजिबात पडू नका. मोरोविंडच्या आधीचा त्याच मालिकेतला डॅगरफॉल (1996) संगणकानं सूत्रांवरून पसरवलेला होता. ग्रेट ब्रिटनएवढा प्रदेश, पंधरा हजारांच्या आसपास ठिकाणं. त्यानंतर त्याच लोकांनी एका बेटापुरतं जग घेतलं आणि ते हातानं घडवलं. आज गप्पा मारताना लोक कुठल्या गावांची नावं घेतात ते तुम्हीच आठवून बघा.

दुसरी गोष्ट, जगाला स्वतःचे नियम असणं, आणि ते तुमच्यासाठी न वाकणं. याचं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण 2001 च्या गॉथिक या जर्मन गेममधलं आहे. तुमच्या नायकाला तलवार चालवता येत नसते, म्हणून तो एका हाताची तलवारही दोन्ही हातांनी धरतो, लाकूड फोडायला निघाल्यासारखी. मग तुम्ही खपून अनुभव मिळवता, शिकवणारा गाठता, त्याला पटवता, आणि त्यानंतर नायक तीच तलवार एका हातात पेलतो. पाय टाकण्याची पद्धत, वार करण्याची गती, सगळं बदलतं. पडद्यावर ‘तलवारबाजी +1’ असं येण्यात आणि यात जमीनअस्मानाचा फरक आहे. आकडा वाचावा लागतो, हे दिसतं. आणि ज्यानं आधीचे पाच तास ते ओंडके फोडणं सोसलंय, त्यालाच ते दिसतं.

त्याच गेममध्ये कुणाच्या झोपडीत विनाकारण शिरलात तर मालक हाकलून देतो. वस्तीत हत्यार उपसून हिंडलात तर लोक आधी दम देतात, मग अंगावर येतात. सुरुवातीला जंगलातला एखादा प्राणी तुम्हाला दोन फटक्यांत लोळवतो, आणि तो प्राणी तिथेच राहतो. तुमच्या लेव्हलप्रमाणे, म्हणजे वाढत्या ताकदीप्रमाणे, तो लहानमोठा होत नाही. दहा तासांनी तुम्ही त्याच वाटेनं येता आणि त्याचा हिशेब चुकता करता. त्याच्या उलट 2006 चा ऑब्लिव्हियन. तिथे शत्रू तुमच्याबरोबर वाढत जातात. शेवटी शेवटी रस्त्यावरचा भुरटा लुटारू अंगावर राजवाड्याच्या किमतीचं काचेचं चिलखत घालून तुमच्याकडे किरकोळ पैसे मागतो. बाकी गेम सुंदर आहे, मी त्यात दोनशे तास घातलेत. पण तो लुटारू भेटला की लक्षात येतं, हे जग आपल्या मापानं शिवून आणलंय. तिथे भीतीही खोटी आणि पराक्रमही खोटा.

रात्रीचं बघा. 2012 च्या ड्रॅगन्स डॉग्मामध्ये रात्र म्हणजे खरोखर काळोख. कमरेला कंदील असतो आणि त्याचं तेल संपतं. बहुतेक गेममध्ये रात्र म्हणजे निळा फिल्टर लावलेला दिवस असतो. इथे मात्र दुपारी निघतानाच मनात हिशेब सुरू होतो, की सूर्य बुडायच्या आत पोहोचू का. हा हिशेब गेमनं करायला सांगितलेला नसतो. खेळणारा तो आपणहून करतो, आणि आपणहून केला की तो नायकाच्या कातडीत शिरलेला असतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जग तुमच्यासाठी वाकत नाही, ठीक. पण त्यानं तुम्हाला पाहिलेलं असलं पाहिजे.

1995 च्या क्रोनो ट्रिगरमध्ये सुरुवातीला एक जत्रा आहे. तुम्ही उगाच हिंडता, बटणं दाबता. एका माणसाचा डबा टेबलावर पडलेला असतो, तो खाल्ला तर थोडी ताकद भरून येते. एका मुलीचं मांजर हरवलेलं असतं. एक मुलगी तुम्हाला धडकून पडते, तिच्या गळ्यातलं पदक बाजूला पडतं. आधी तिच्याजवळ जायचं की पदक उचलायचं? तुम्ही विचारही करत नाही. गेममध्ये वस्तू दिसली की उचलायची, ही आपली सवय. पुढे बरंच काही घडतं, आणि अचानक तुम्ही राजकन्येला पळवल्याच्या आरोपाखाली कोर्टात उभे. सरकारी वकील साक्षीदार बोलावतो. डबेवाला येतो. मांजर परत मिळालेली पोरगी येते, किंवा येत नाही. पदक आधी उचललं होतंत ना? तेही निघतं.

मी पहिल्यांदा खेळले तेव्हा तो डबा खाल्ला होता. कोर्टात तो म्हातारा उभा राहिला तेव्हा मला खरंच कानकोंडं झालं.

आता यातली गंमत कारागिराच्या नजरेनं बघा. त्या खटल्याचा निकाल काहीही लागला, निर्दोष सुटलात तरी, तुमची रवानगी तुरुंगातच होते. मुख्य कथा एक इंचही सरकत नाही. ज्याला आपण ‘निवडीचे परिणाम’ म्हणून मिरवतो, ते इथे जवळपास शून्य आहेत. तरी लोक हा प्रसंग तीस वर्षं सांगताहेत. मी नव्या डिझाइनरना हे मुद्दाम खेळायला लावते, कारण सगळे येतात तेच कथेला बारा फांद्या आणि सात शेवट करायचं स्वप्न घेऊन. फांद्या महाग असतात. प्रत्येक फांदीतला निम्मा मजकूर निम्म्या लोकांना दिसतच नाही. आठवण मात्र खूप स्वस्त असते. डबा खाल्ला की नाही, एवढी एक नोंद, आणि काही तासांनी दोन वाक्यं.

यात उशीर हा मोठा मसाला आहे. पहिल्या विचरमध्ये (2007) नदीकाठी मालाची राखण करताना काही एल्फ बंडखोर येऊन तो माल मागतात. दिला काय, न दिला काय, त्या क्षणी काही बिघडत नाही. पुढच्या प्रकरणात, शहरात पोहोचल्यावर, तुम्ही दिलेल्या त्याच मालातल्या हत्यारांनी एका माणसाचा जीव गेल्याचं कळतं, आणि नेमका तोच माणूस तुम्हाला हवा असतो. तोवर दहा वेळा सेव्ह झालेलं असतं. लगेच फळ दिसलं तर माणूस रीलोड करून, म्हणजे मागच्या सेव्हवर परत जाऊन, दुसरा पर्याय बघतो आणि निर्णय हा फक्त एक पर्याय होऊन बसतो. अंडरटेलनं (2015) तर रीलोडलाच पकडलं. सुरुवातीला ज्या पात्राला मारलंत, त्याचं वाईट वाटून मागे जाऊन त्याला जिवंत सोडलंत, तरी पुढे भेटणारं एक पात्र दात काढत सांगतं की मला ठाऊक आहे तू आधी काय केलंस.

आणि बाल्डर्स गेट 3 (2023) मधली एक छोटी गोष्ट. मृतांशी बोलायचा मंत्र आहे. प्रेताला प्रश्न विचारता येतात. पण ज्याला तुम्हीच मारलंय, ते प्रेत तुमच्याशी बोलत नाही. का बोलेल? हे कुणी मॅन्युअलमध्ये शोधत नाही. रात्री दोन वाजता एकट्यानं खेळताना त्या गप्प तोंडासमोर उभं राहून ते कळतं.

आमच्या एका गेममध्ये आम्ही हे कंजूषपणे केलं होतं. धर्मशाळेची मालकीण तीन गोष्टी बघायची : तुम्ही पावसातून आलात का, अंगावर कुणाचं रक्त आहे का, आणि मागच्या वेळी पैसे चुकते केले होते का. प्रत्येकासाठी चार-चार वाक्यं, सगळी मिळून बारा. लेखकाची एक दुपार. त्याच गेममधल्या ड्रॅगनवर पाच माणसांनी चार महिने काम केलं होतं. टेस्टनंतर बोलताना लोक मालकिणीला नावानं ओळखत होते. ड्रॅगनला ‘तो शेवटचा बॉस’.

जागांबद्दल थोडं लिहिते, माझा पेशाच तो आहे. डार्क सोल्समध्ये (2011) तुम्ही फायरलिंक श्राइन नावाच्या निवांत जागेपासून निघून तासन् तास वर वर लढत जाता. नकाशा नाही. किती लांब आलोय याचा पत्ता नाही. मग एका चर्चमध्ये लिफ्ट सापडते. ती खाली जाते, खूप खाली जाते, दार उघडतं, आणि तुम्ही त्याच निवांत जागेत परत. तेच संगीत. त्या क्षणी डोक्यात सगळा प्रदेश घडी घातलेल्या कागदासारखा उलगडतो. लोकांना वाटतं हा शॉर्टकट. मला विचाराल तर तो सुटकेचा निःश्वास आहे. आधीचे चार तास घुसमट झाली नसती, तर ती लिफ्ट नुसती लिफ्ट असती. त्याच स्टुडिओनं एल्डन रिंगमध्ये (2022) हाच पत्ता उलटा फेकला. जंगलातल्या एका साध्या इमारतीतली लिफ्ट खाली जायला लागते आणि थांबतच नाही. मग भिंती संपतात आणि जमिनीखाली ताऱ्यांनी भरलेलं आकाश दिसतं. एकही शब्द नाही, कटसीन (खेळ थांबवून दाखवलेला सिनेमासारखा प्रसंग) नाही. कंट्रोल तुमच्या हातात असतो आणि तुम्ही स्वतःहून कॅमेरा वर फिरवता.

कॅमेरा स्वतःहून फिरवणं, हे अधोरेखित करा. मोठे क्षण कटसीनमध्ये दाखवायची हौस आम्हा सगळ्यांना असते, कारण तिथे चौकट आपल्या हातात असते. पण तुम्ही माझी मान धरून वळवलीत, तर मी जे पाहिलं ते तुमचं. मी वळवली, तर माझं.

इतिहास आणि पुराणं, म्हणजे ज्याला आपण ‘लोर’ म्हणतो, त्याबद्दल माझं मत थोडं कडू आहे. दर दुसरा नवा गेम ‘तीन हजार वर्षांपूर्वी’नं सुरू होतो. ॲपॉस्ट्रॉफी घातलेली नावं, चार वंश, दोन महायुद्धं. खेळणारा अजून चालायला शिकलेला नसतो आणि त्याला वंशावळ पाठ करायला दिलेली. डार्क सोल्सच्या हिदेताका मियाझाकी यांनी मुलाखतीत सांगितलंय की लहानपणी ते स्वतःच्या आवाक्याबाहेरची पुस्तकं वाचायचे, जे भाग कळायचे नाहीत ते स्वतःच्या कल्पनेनं भरून काढायचे. त्यांचे गेम तसेच आहेत. इतिहास एखाद्या अंगठीच्या वर्णनातल्या दोन ओळींत, एका मोडक्या पुतळ्याच्या गायब हातात. मधली जागा तुम्ही भरायची. सगळं सांगून मोकळं झालेल्या जगात माझ्यासाठी काम उरत नाही.

मात्र अर्धवट लिहून ठेवलं की ते आपोआप गूढ होतं, असा काही जणांचा समज आहे. तसं होत नाही. उत्तर लेखकाला माहीत असावं लागतं. नसलं तर चौथ्या अंगठीपाशी वास येतोच.

नीतीचा प्रश्नही इथेच येतो. 1985 च्या अल्टिमा 4 मध्ये शेवटी मारायचा राक्षसराजा नाहीच. आठ सद्गुण अंगी बाणवायचे, एवढंच ध्येय. त्यात जडीबुटी विकणाऱ्या बाया आंधळ्या आहेत. माल घेतल्यावर किती पैसे द्यायचे ते तुम्हीच टाइप करायचं. कमी दिले तर ती काही म्हणत नाही, तिला दिसत नाही. माल हातात, पैसे खिशात, कुठे भोंगा वाजत नाही. आणि आत कुठेतरी तुमच्या प्रामाणिकपणाची नोंद घसरते. चाळीस वर्षं झाली. लाल-निळे नीतीचे काटे दाखवणाऱ्या कित्येक गेमना ती आंधळी बाई अजून जमलेली नाही, कारण काटा दिसला की माणूस चांगुलपणाचे पॉइंट गोळा करायला लागतो.

आवाजाबद्दल एकच सांगते : शांतता राखून ठेवा. मोरोविंडचं संगीत अप्रतिम आहे, पण शत्रूनं तुम्हाला पाहिलं रे पाहिलं की लढाईचं संगीत सुरू होतं, शत्रू कुठे दिसत नसला तरी. मग कान टवकारून काय उपयोग? ढोल वाजला की वळायचं. पावलांचा आवाज लाकडावर वेगळा, चिखलात वेगळा, एवढं केलंत तरी छोट्या गेमला पुष्कळ होतं.

मोडतं कशानं, तेही सांगायला हवं. सगळ्यात वरचा नंबर खोट्या घाईचा. जग बुडतंय, मुलगी संकटात आहे, एक क्षण दवडू नकोस, आणि नायक तीन दिवस गावोगाव पत्ते कुटत बसलाय. विचर 3 मध्ये (2015) मी संकटातल्या सिरीला शोधायचं सोडून ग्वेंट या गेममधल्या पत्त्यांच्या खेळाचे किती डाव टाकले ते सांगत नाही. तो गेम बाकी इतका भक्कम आहे की पचून जातं. तुमचा पचवू शकेलच असं नाही. घाई खरी ठेवा, नाहीतर नायकाला भटकायचं कारण द्या. मग पुनरुक्ती. स्कायरिमच्या पहारेकऱ्यांचा गुडघ्यात बाण लागल्याचा तो डायलॉग एकदा ऐकला तर त्या माणसाला आयुष्य मिळतं, आठव्यांदा ऐकला की त्याचं यंत्र होतं. जगभर त्यावर विनोद झाले, म्हणजे लक्षात राहिला, पण असा राहायला नको. तुमच्याकडे शंभर वाक्यं असतील तर ती दहा पात्रांना द्या, चाळीस पात्रांत वाटू नका. आणि न उघडणारी दारं! दार रंगवलंत तर ते उघडेल अशी आशा तुम्ही विकलीत. आमच्या एका टेस्टमध्ये एका मुलानं नुसत्या शोभेच्या दारासाठी अर्धा तास किल्ली शोधली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे भिंत बांधली. मागाहून वाटलं, किल्ली ठेवायला हवी होती.

आता तुमच्या छोट्या गेमचं. एक गाव घ्या आणि त्याभोवती चालत तासाभरात संपेल एवढा मुलूख. बाण ठेवायचा की नाही ते आजच ठरवा. नाही म्हणालात तर संवाद लिहिण्याआधी त्या मुलखातून दिवसा आणि रात्री स्वतः चाला आणि लोकांना रस्ता तोंडी सांगता येतो का ते बघा. सुरुवातीला एक असा शत्रू ठेवा जो कुणालाही झेपणार नाही, आणि त्याला तिथून हलवू नका. खेळणारा न विचारता ज्या पाच गोष्टी करतो त्यांची नोंद ठेवा : काय खाल्लं, कुणाच्या घरात शिरला, कुणाला अर्धवट बोलून निघून गेला. त्यातल्या दोन गोष्टींना उशिरा, भलत्याच ठिकाणी वाचा फोडा. सात शेवटांचा कागद ड्रॉवरमध्ये टाका.

आणि टेस्ट झाल्यावर लगेच फॉर्म भरून घेऊ नका. त्या क्षणी लोक ‘ग्राफिक्स छान, लढाई थोडी अवघड’ असंच लिहितात. आठवड्यानं फोन करा, गेमचं नाव काढा आणि गप्प बसा. सुरुवातीला जिच्याबद्दल लिहिलं, त्या कुऱ्हाडवाल्या मुलीला मी असाच फोन केला होता. ड्रॅगनचं नाव नाही, कथेचं नाव नाही. म्हणाली, ‘अगं, तो पूल. ओझं इतकं झालं होतं की पळता येईना, मागून ते लांडगे. मी सगळं सामान नदीत टाकलं. ती चांदीची थाळीपण. तुला माहितेय ती थाळी मी कुठून आणली होती?’

मला माहीत होतं, थाळी मीच ठेवली होती. पण मी ‘नाही’ म्हणाले आणि वही उघडली.